चार बोटं मागं

कॉर्बिननं त्या पोराच्या हेल्मेटवर बोटांच्या पेरांनी दोनदा टकटक केलं, एवढंच झालं. बुधवारचा सराव, नोव्हेंबरची ढगाळ सकाळ, सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. डाव संपला, जो तो आपापल्या जागी परत निघाला, आणि चेंडू फेकणारा कॉर्बिन जाता जाता वळला, टक टक, आणि गेला. कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नसेल. पण कडेच्या रेषेवर पाण्याची बाटली धरून उभ्या असलेल्या ऑगी ड्राबिकनं ते पाहिलं. ती टकटक त्याची होती. नऊ वर्षं त्याची होती. डाव नीट पार पडला की कॉर्बिन बोलायचा नाही, मिठ्याबिठ्या मारायचा नाही, जाता जाता टक टक करून जायचा, दार वाजवावं तशी. आणि आत ऑगी असायचा. आता तेच दार दुसऱ्याच्या घराला लागलं होतं. ऑगीनं बाटली तोंडाला लावली तर ती रिकामीच होती, तरी तो पीत राहिला. एवढा मोठा एकशे पंचेचाळीस किलोचा बाप्या, रिकामी बाटली चोखत उभा.

अमेरिकन फुटबॉलच्या फळीत माणसं पाच. मधल्यानं चेंडू मागं द्यायचा आणि पाचांनी मिळून समोरून येणारी दांडगी माणसं अडवायची, म्हणजे कॉर्बिनला फेकायला सवड मिळते. तसं पाहिलं तर पाचही सारखेच. पण सारखे नाहीत. कॉर्बिन उजव्या हाताचा, फेकायला वळला की त्याची पाठ डावीकडं होते, आणि डावीकडून येणारा माणूस त्याला दिसत नाही. दिसतो तो अंगावर आदळल्यावर, म्हणजे आकाशच दिसतं. म्हणून फळीच्या डाव्या टोकाचा माणूस हा नुसता अडवणारा नसतो, तो दुसऱ्याच्या पाठीचे डोळे असतो. आत उभं राहणाऱ्या गार्डाला दोन्हीकडं शेजारी असतात, चुकलं तर कुणीतरी सावरून घेतं. टोकाला शेजार एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूला नुसतं मोकळं मैदान, आणि त्या मोकळ्यातून वाऱ्यासारखा येणारा एक माणूस. ऑगी नऊ वर्षं त्या टोकावर उभा होता. टोलेडो शहरात माणसं त्याला हॉटेलात ओळखायची नाहीत, कॉर्बिनला ओळखायची. ऑगीला त्याचं काही नव्हतं. कॉर्बिन ओळखतो ना, मग झालं.

आणि आता तिथं ते पोरगं, ल्यूशस ब्रूसार्ड. बावीस वर्षांचा, लुइझियानाच्या दलदलीकडचा, काळाभोर, हसला की सगळे दात दिसणारा, आणि बोलायला असा गोड की संताप यावा. सगळ्यांना साहेब म्हणतो. टॉवेल देणाऱ्यालाही साहेब. ऑगीला तर उठून उभं राहून साहेब. शिव्या घालायला जागाच ठेवत नाही कार्टं. आणि त्याचे पाय! ऑगीला त्याचा राग होता तो मुळात पायांचा. एवढं धूड, पण पाय टाकताना आवाज नाही. मांजर कपाटावरून उतरते तसं मागं सरकतं. परवा सरावाची फिल्म बघत बसले होते सगळे, फिल्मला आवाज नसतो, तरी ऑगीला स्वतःची पावलं ऐकू आली, धप्, धप्, आणि ल्यूशसची आली नाहीत. शेजारी बसलेला हॉलिस, फळीतला मधला, सूर्यफुलाच्या बिया फोडत म्हणाला होता, "पोरगं पाय असे टाकतंय जणू खाली बाळ झोपलंय." सगळे हसले. ऑगीही हसला. हसताना त्याच्या लक्षात आलं की आपल्याला ते पाय आवडतात. तीच तर पंचाईत होती. वाईट माणसाचा मत्सर परवडतो, तोंड फिरवता येतं. हे पाय बघत राहावेसे वाटत होते.

त्या बुधवारी सकाळीच यांसी कोचनं त्याला खोलीत बोलावलं होतं. यांसी म्हणजे फळीचा कोच, म्हातारा, बोलताना टोपी काढून हातात फिरवणारा.

"ऑगी, बस बाबा."

"उभाच बरा आहे, कोच. गुडघा वाकवला की परत सरळ व्हायला वेळ लागतो."

"तेच बोलायचंय." टोपी एकदा फिरली. "आतल्या गार्डाचा खांदा गेला, वर्षभर येत नाही तो. तू आत सरक. तुझं अंग आहे, ताकद आहे, डोकं आहे. आत जागा कमी, पळायचं नाही, नुसतं धरायचं. आणखी चार वर्षं खेळशील. टोकावर ल्यूशस."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर टोकावर ल्यूशसच. तू त्याच्या मागं बाकावर. पोराला काही झालं, नाहीतर पोरगं फसलं, तर तू." टोपी थांबली. "शनिवारी सकाळी सांग. जबरदस्ती नाही. तुझ्यासारख्याला जबरदस्ती मी करणार नाही."

जबरदस्ती केली असती तर बरं झालं असतं असं ऑगीला वाटलं. माणसाला ढकललं की निदान ढकलणाऱ्याला शिव्या देता येतात. आत सरक. किती साधं. घरातल्या म्हाताऱ्याला सांगतात ना, तुम्ही आता आतल्या खोलीत झोपत जा, इथं पोरांना जागा होऊ दे. तसं.

आणि मग सरावात ती टकटक. ती झाल्यावर ऑगी जो ल्यूशसकडं बघायला लागला, तो सरावभर बघतच राहिला. सवत घरात आल्यावर पहिली बायको तिच्या पदरापासून टाचेपर्यंत बघते तसा. आणि अशी बघणारी बाई जे शोधते ते तिला सापडतंच. ऑगीला सापडलं. चेंडू घेऊन पळायचा डाव असला की ल्यूशसची दोन्ही पावलं नेहमीच्या जागी. पण कॉर्बिन फेकणार असला, म्हणजे ल्यूशसला मागं सरकावं लागणार असलं, की त्याचं डावं पाऊल आधीच किंचित मागं. चार बोटं. फार नाही, चार बोटं. ऑगीनं पुढचे सगळे डाव मोजून बघितले. पळायचा, सरळ. फेकायचा, चार बोटं मागं. एकदाही चूक नाही. कुणाला दिसलं नव्हतं. यांसीला नाही, कारण तो हात बघत होता. पण रविवारच्या सामन्यात समोर टॅकेट असणार होता. टॅकेट म्हणजे जुना कोल्हा, चेहऱ्याकडं बघायचाच नाही, खाली मान घालून उभा, लोकांना वाटायचं प्रार्थना करतोय. तो पाय बघत असायचा. रविवारी पहिल्या अर्ध्या तासात त्याला कळणार, की आता फेकणार, आता पळणार नाहीत. मग तो थांबणारच नाही. चेंडू हलायच्या आधीच निघेल. आणि मोकळ्या बाजूनं कॉर्बिनच्या पाठीवर.

ऑगी काही बोलला नाही. घरी जाताना मॉमी नदीवरच्या पुलावर गाड्या खोळंबल्या होत्या, आणि खाली पाणी करडं, जागच्या जागी असल्यासारखं. त्यानं स्वतःला सांगितलं, उद्या बोलू. मग म्हणाला, माझं काम आहे का? कोच कशाला ठेवलाय? मग म्हणाला, पोरगं फसलं तर तू, असं कोचच म्हणाला ना. हे तिसरं वाक्य मनात आलं तेव्हा तो स्वतःच दचकला, आणि मागच्यानं हॉर्न मारला, कारण पुढची गाडी केव्हाच गेली होती.

ट्रूडीनं, त्याच्या बायकोनं, दारातच ओळखलं. ती केस कापायचं दुकान चालवते, दिवसभर माणसांची डोकी तिच्या हातात, आत काय चाललंय ते तिला वरून कळतं. डुकराच्या मांसाची भाजी आणि बटाटे ताटात वाढून ती समोर बसली.

"काय झालं?"

"काही नाही."

"काही नाहीचं तोंड एवढं लांब नसतं. त्या पोरानं काय केलं आज?"

"पोरानं नाही. कॉर्बिननं." आणि त्यानं टकटकीचं सांगितलं. सांगताना ते एवढंसं झालं, लाजच वाटली. पावलाचं सांगितलं नाही.

ट्रूडी आधी हसली नाही. मग तिला राहवेना. "ऑगी, अरे, मला नऊ वर्षांत कुणी टकटक केली नाही, मी रडले का? तुझं लग्न माझ्याशी झालंय की त्या कॉर्बिनशी, एकदा सांगून टाक. सवत असली तर असू दे, पण दाढी तरी नीट करत जा म्हणावं तिला."

"तुला नाही कळायचं."

"कळतं रे. तुझ्या आईनं सांगितलंय मला. धाकटा झाला तेव्हा तू पाळण्यात जाऊन झोपलास. चार वर्षांचा घोडा. पाळणा मोडला, बाळाला टेबलाच्या खणात झोपवावं लागलं महिनाभर."

"मला आठवत नाही."

"पाळण्याला आठवत असेल," ट्रूडी म्हणाली, आणि त्याच्या ताटात आणखी एक बटाटा टाकला.

त्याला आठवत होतं. लाकडाचा वास आठवत होता, आणि आईच्या दुधाचा, जो आता त्याच्यासाठी नव्हता. मोडताना झालेला कडकन आवाज आठवत होता. आणि आई धावत आली ती त्याला लागलं का बघायला नाही, बाळ त्यात होतं का बघायला. बाळ नव्हतं, आजीजवळ होतं. पण आईच्या तोंडावर क्षणभर जे आलं ते त्यानं पाहिलं होतं. तेव्हापासून तो जपून असायचा, मोठ्या अंगाच्या माणसाला जपूनच राहावं लागतं. आणि मग कॉलेजातून इथं आला, तर त्याला सांगितलं, या माणसाच्या मागं कुणी येऊ द्यायचं नाही. बस्स. आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या मोठ्या अंगाचा उपयोग सापडला. कॉर्बिन तेव्हा तेवीसचा, ऑगीही तेवीसचा. पहिल्याच सामन्यात कॉर्बिन त्याला म्हणाला होता, "मी मागं बघणार नाही, चालेल ना?" आणि नऊ वर्षं त्यानं बघितलं नव्हतं. असं कुणी कुणासाठी करतं का? ट्रूडीसुद्धा रस्ता ओलांडताना त्याच्यावर भरवसा न ठेवता दोन्हीकडं बघायची.

फक्त ऑक्टोबरातला तो एक दिवस. ऑगी मागं सरकला, वेळेवर सरकला असं त्याला वाटलं, पण समोरचा माणूस आधीच त्याच्या कुशीबाहेर निघून गेला होता, जणू त्याला आदल्या रात्री स्वप्नात सांगून ठेवलं होतं. मग मागून आवाज आला. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा. कॉर्बिनच्या दोन बरगड्या गेल्या. खाली पडलेला तो श्वास घ्यायला बघत होता आणि श्वास येत नव्हता, नुसते ओठ हलत होते. ऑगी वाकला तर कॉर्बिननं हातानंच सांगितलं, ठीक आहे, ठीक आहे. त्या दिवसापासून कॉर्बिन चेंडू घेतला की डावीकडं नजर टाकायला लागला. एवढीशी. पापणी लवायच्या आत. पण टाकायला लागला. बायकोनं पहिल्यांदा खिसा तपासावा, तसं ऑगीला ते लागलं. आणि आता ल्यूशस टोकाला उभा राहिला की ती नजर बंद. पुन्हा पहिल्यासारखा आंधळा भरवसा. बावीस वर्षांच्या पोरावर.

गुरुवारीही तो बोलला नाही. गुरुवारी ते पाऊल त्याला आणखीच ठळक दिसलं. दुसऱ्या कुणाला कसं दिसत नाही याचं त्याला नवल वाटायला लागलं, आणि मग भीती वाटली की कुणाला तरी दिसेल, आणि ते सांगून टाकतील. म्हणजे तो आता त्या चुकीचा राखणदार झाला होता. तिला जपत होता. एकदा तर यांसी ल्यूशसच्या पायांकडं बघतोय असं वाटलं, तेव्हा ऑगीनं मुद्दाम आवाज देऊन त्याला दुसरंच काहीतरी विचारलं. विचारल्यावर जीभ कडू झाली. मनात रविवार तयार होत होता. टॅकेट येतोय, कॉर्बिन पडतोय, यांसी टोपी फिरवतोय, "ऑगी, जा टोकाला." त्या चित्रात कॉर्बिन पडायचा तेवढा भाग ऑगी भरभर सरकवायचा. पण तो भाग काढून टाकता येत नव्हता. तो काढला की पुढचं काही होतच नव्हतं.

शुक्रवारी सरावानंतर दोघं बर्फाच्या टाकीत बसले होते. गुडघे, कंबर, सगळं गोठवायची ती पद्धत. ऑगी छातीपर्यंत पाण्यात, समोर ल्यूशस, दात वाजवत. टाकीत दुसरं कुणी नव्हतं.

"साहेब, तुम्हाला थंडी वाजत नाही?"

"टोलेडोत जन्मलो मी. हे आमचं गरम पाणी."

पोरगं हसलं. ऑगीला बोलायचं नव्हतं. त्याला फक्त एक नाव हवं होतं. कुठल्यातरी कॉलेजातल्या कुठल्यातरी मूर्ख कोचाचं, ज्यानं ही सवय लावली, म्हणजे मनातल्या मनात म्हणता येईल की पाप त्याचं, मी कोण? म्हणून त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "ते डावं पाऊल जरा मागं घेतोस तू फेकायच्या डावाला. कुणी शिकवलं रे?"

ल्यूशसचा चेहरा उजळला. चोरी पकडलेल्या पोराचा नाही, शाबासकी मिळालेल्या पोराचा. "तुम्हाला दिसलं? मला वाटलं कुणाला दिसणार नाही. तुमचंच आहे ते, साहेब."

"माझं?"

"आजीच्या घरी टीव्ही धड नव्हता. मी फोनवर तुमचे सामने बघायचो. चेंडू कुठं गेला ते मला माहीतच नसायचं, मी फक्त डावं टोक बघायचो. आजी म्हणायची, त्या जाड्या गोऱ्यात काय बघतोस? माफ करा साहेब, आजी तशी बोलते. कॉलेजात असताना मागची दोन वर्षं तुमचा प्रत्येक डाव बघितला. पाऊल मागं घेता तुम्ही. म्हटलं, एवढा मोठा माणूस करतोय म्हणजे काहीतरी असेल त्यात."

ऑगी पाण्यातून उठला. पाणी भसकन बाहेर सांडलं, पोरगं घाबरलं. "साहेब, काय चुकलं का माझं?"

"बस तू. पुरता गोठून ये," म्हणून ऑगी ओल्या पायांनीच निघाला.

फिल्मच्या खोलीत हॉलिस एकटाच बसला होता, पाय टेबलावर, बियांची टरफलं कपात. ऑगीनं त्याला न विचारता त्याची फिल्म बंद केली आणि स्वतःची लावली. आधी जुनी, पाच वर्षांपूर्वीची. पावलं सरळ, पळायचा डाव असो की फेकायचा. मग गुडघ्याच्या ऑपरेशननंतरची. तिथं होतं. पहिल्यांदा दोन बोटं. मग तीन. ऑक्टोबरातल्या त्या डावात, कॉर्बिनच्या बरगड्यांच्या, पुरती चार. समोरच्या माणसाची मान खाली. तो प्रार्थना करत नव्हता. ऑगीनं तो डाव परत लावला. परत लावला. आपण चोरी केली हे चोरालाच माहीत नसावं, असं काही तरी झालं होतं. गुडघा उशीर करत होता आणि पाऊल गुपचूप त्याची भरपाई करत होतं, मालकाला न सांगता.

"दिसलं का शेवटी?" मागून हॉलिस म्हणाला.

ऑगी वळला. "तुला माहीत होतं?"

"दोन वर्षं झाली. कोचला सोडून अर्ध्या लीगला माहीत असेल."

"आणि बोलला नाहीस? कॉर्बिनची बरगडी मोडली हॉलिस!"

हॉलिसनं पाय खाली घेतले. त्याचं तोंड पहिल्यांदाच बिनविनोदी झालं. "बोलून काय केलं असतंस, म्हाताऱ्या? पाऊल सरळ आणलं असतंस. आणि मग? चार बोटं मागं ठेवून तू कधीमधी फसत होतास. सरळ ठेवलं असतंस तर रोजच फसला असतास. मला वाटलं, यंदा संपेल, आपण होऊन आत येशील. बाजूला येशील माझ्या." त्यानं एक बी फोडली. "चुकलं माझं. पण मित्राला म्हातारा झालास म्हणून सांगायचं कसं, ते तू सांग."

ऑगीला त्याच्यावर चिडायचं होतं, पण दोन दिवस तो स्वतः काय करत होता ते आठवलं. हॉलिस निदान प्रेमापोटी गप्प बसला होता.

शुक्रवारची झोप कसली लागते. बायकोच्या कुशीवर हात टाकून पडला आणि डोक्यात एकच धरून बसला: हॉलिस खोटं बोलतोय. पाऊल सरळ ठेवून मला जमेल. नुसती वाईट सवय आहे, सवय मोडली की झालं, टोक माझं. म्हणजे शेवटची आशा हातात आली ती अशी, चुकीच्या रूपात. ल्यूशसला सांगायचं नाही, स्वतःचं तेवढं सुधारायचं. एवढ्यावर तो आला होता. मत्सराला थोडी जागा दिली की तो अंथरूणच मागतो.

शनिवारी सकाळी सगळ्यांच्या आधी तो मैदानावर गेला. गवतावर दहिवर होतं, पांढरं. त्याच्या आधी एक जण आलेला होता. अर्थात ल्यूशस. एकटाच मागं सरकायचा सराव करत होता, चार बोटं मागं ठेवून, भक्तिभावानं. त्याला बघून ऑगीच्या मनातली आशा जरा वेडगळ झाली.

"ए, इकडं ये. टॅकेट हो."

"मी, साहेब?"

"तूच. मला चुकवून त्या खांबापर्यंत जा. हात राखू नकोस. राखलास तर लाथ घालीन."

ऑगी खाली वाकला. पावलं सरळ. दोन्ही एका रेषेत, जशी पाच वर्षांपूर्वी असायची. ल्यूशस निघाला. ऑगी मागं सरकला, आणि सरकतानाच त्याला कळलं. पोरगं अडवणाऱ्यांतलं, चुकवून पळणं त्याचं कामच नव्हे, तरी ते ऑगीच्या हाताबाहेरून असं गेलं जसा बंद होणाऱ्या दारातून वारा जातो. "परत." परत गेलं. "परत!" तिसऱ्यांदा ल्यूशसनं पाय आवरते घेतले, मुद्दाम हळू आला, आणि ऑगीनं त्याला धरलं. धरल्यावर दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिले. पोराच्या डोळ्यांत पाणी होतं, थंडीचं म्हणायला हरकत नाही.

"मी सांगितलं होतं हात राखू नकोस म्हणून."

"पाय घसरला, साहेब."

"गप. तुझा पाय घसरत नाही." ऑगीनं त्याला सोडलं. छातीत धाप भरली होती. आता बोलायचं होतं आणि प्रत्येक शब्द दाढ उपटल्यासारखा निघत होता. "ते पाऊल. डावं. ते माझं दुखणं आहे रे. माझा गुडघा गेला म्हणून मी ते मागं घेत होतो, मला ठाऊकसुद्धा नव्हतं. लंगड्याला बघून चालायला शिकलास तू, धडधाकट असून. टॅकेट उद्या पाय बघणार. सरळ ठेव."

"पण साहेब, मग मला उशीर झाला तर?"

"उभा राहा."

ल्यूशस उभा राहिला. ऑगी गुडघ्यावर बसला, त्याच्या गुडघ्यानं कट्कन आवाज केला, आणि त्यानं दोन्ही हातांनी पोराचा बूट धरून पुढं ओढला. चार बोटं. "असं. आता सरक." ल्यूशस सरकला. उशीरबिशीर काही नाही. उलट आता त्याच्यात काही अडकत नव्हतं, एवढं मोठं अंग दहिवरावरून एक रेघ ओढत गेलं आणि आवाज आला नाही. ऑगी खाली बसूनच बघत होता. इतकं सुंदर त्यानं कुणाला सरकताना बघितलं नव्हतं, स्वतःला तर नाहीच, आणि पोटात जे उठलं ते नुसतं कौतुक होतं असं म्हणणं खोटं होईल. पोट जळत होतं. जळतच होतं. पण आता त्यात वाद उरला नव्हता.

यांसी आला तो टोपी हातात घेऊनच. "काय ठरवलंस, ऑगी?"

"आत."

"नक्की?"

"कोच, तिसऱ्यांदा विचाराल तर नाही म्हणेन."

बाकीचे आले. शनिवारचा सराव हळू असतो, धक्काबुक्की नाही, नुसतं जागच्या जागी पावलं टाकून बघायची. ऑगी पहिल्यांदा आत उभा राहिला. डावीकडं ल्यूशस, उजवीकडं हॉलिस. दोन्हीकडून अंगांची ऊब येत होती, बियांचा वास येत होता. हॉलिस पुटपुटला, "ये गं बाई, माप ओलांडून ये." ऑगी म्हणाला, "तोंड बंद कर, नाहीतर टरफलं घशात घालीन." मागं कॉर्बिन होता. फार मागं नव्हे, लगेच मागं. त्याच्या श्वासाचा आवाज येत होता, घसा खाकरल्याचा, जिभेनं दातात अडकलेलं काहीतरी काढल्याचा. टोकावरून यातलं काही ऐकू यायचं नाही. नऊ वर्षं या माणसाची पाठ राखली, पण लांबून. तो होता एवढंच ठाऊक असायचं. कॉर्बिननं हाक दिली, हॉलिसनं चेंडू मागं दिला, ल्यूशस आवाज न करता सरकला, डावं पाऊल सरळ ठेवून, आणि ऑगीचं अंग नऊ वर्षांच्या सवयीनं मागं गेलं, लांब, टोकावर टाकायचं तसं मोठं पाऊल टाकून. आत तेवढी जागा नसते. त्याचा बूट कॉर्बिनच्या बुटावर सगळ्या वजनानिशी पडला. मागं निघालेला कॉर्बिन जागीच खिळला, हात हवेत फिरले, आणि तो चेंडूसकट उताणा पडला.

कॉर्बिननं बरगडीवर हात ठेवला. मग खालून आवाज आला, "अरे म्हशी! एवढी वर्षं कुणाला हात लावू दिला नाहीस, ते स्वतःसाठी राखून ठेवलं होतंस होय?"

हॉलिस हसून गुडघ्यावर बसला. यांसीनं टोपी तोंडावर धरली. ल्यूशस, चांगल्या घरचं पोर, "लागलं का साहेब?" म्हणत लगबगीनं आला आणि त्यानं कॉर्बिनला उठवायला हात पुढं केला.

ऑगीनं तो हात मनगटाशी धरून बाजूला केला.

"तू हो तिकडं. मी पाडलाय, मीच उचलणार."